भाचीचा स्विंग: मे ते ऑगस्ट, कामाच्या नोंदी

११ मे

भाची १३ वर्षांची, शाळेच्या सॉफ्टबॉल टीममध्ये सेकंड बेसला खेळते. फिल्डिंग झकास, पळण्यात तर कुणाला ऐकत नाही, पण बॅट हातात आली की बॉल एक तर उजवीकडं फाउल, म्हणजे रेषेबाहेर, जातो नाहीतर उजव्या बाजूच्या फर्स्ट बेसकडं घरंगळत जातो. पिचर, म्हणजे बॉल टाकणारी, जरा फास्ट असली तर सरळ स्ट्राइक आउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद. ताई म्हणाली सुट्टी आहे तोवर बघ काय होतंय का. मी कोल्हापुरात, उद्यमनगरात मशीन शॉपला, सॉफ्टबॉल आयुष्यात खेळलेलो नाही, टेनिस बॉल क्रिकेट तेवढं खेळलोय, म्हणून ठरवलं की आधी शिकवायचं काहीच नाही, नुसतं शूट करून बघायचं. ज्यांना हेच काम करायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतोय, कारण कामाला लागेल असं मराठीत मला तरी काही सापडलं नाही.

मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये दोन बाजूंनी घेतलं, एक तिच्या छातीसमोरनं कंबरेच्या उंचीवर आणि एक मागनं, जाळीपलीकडनं. तीन गोष्टी दिसल्या. डावा पाय पुढं पिचरकडं पडायच्या ऐवजी डावीकडं, थर्ड बेसकडं उघडतो. मागचं म्हणजे उजवं कोपर पोटाला घासत हातांच्याही पुढं जातं आणि बॅट मागं लोंबकळत राहते, याला बॅट ड्रॅग म्हणतात. आणि बॉल लागायच्या आधीच मान उडते. उजव्या हाताची बॅटर आणि बॉल सतत उजवीकडं, म्हणजे प्रत्येक वेळी उशीर होतोय एवढं उघड होतं.

१४ मे

बॅट. शाळेची बॅट ३३ इंची. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवली, ७९५ ग्रॅम. पोरगी पाच फुटाला एक इंच कमी. एवढं वजन मनगटानं फिरवता येत नाही म्हणून ती कोपर पुढं घालून अंगानं ढकलते, हे बॅट हातात घेतली की कुणालाही कळेल. सॉफ्टबॉलच्या बॅटवर इंच आणि औंस असे दोन आकडे असतात आणि त्यातल्या फरकाला ड्रॉप म्हणतात. ३० इंच, २० औंस म्हणजे ड्रॉप उणे १०. २० औंस म्हणजे साधारण ५६७ ग्रॅम. या वयाच्या पोरींना साधारण हीच रेंज चालते.

तसली बॅट घेतली, ३२०० रुपये गेले. घ्यायच्या आधी एक साधी तपासणी: डाव्या एका हातात बॅट धरून हात सरळ पुढं करायचा आणि धरून ठेवायचा, दहा-पंधरा सेकंदांत हात थरथरायला लागला तर बॅट जड. शाळेची बॅट धरल्या धरल्या खाली आली.

आणि क्रिकेटची बॅट बघून सॉफ्टबॉलची घेऊ नका. इथं बॅट गोल, जास्तीत जास्त सव्वादोन इंच जाड आणि ३४ इंच लांब एवढंच चालतं, त्यामुळं बॉल लागायला जागाच कमी. मोठी बॅट म्हणजे मोठा फटका हे गणित इथं बसत नाही.

१९ मे

ग्रिप. ती बॅट तळव्यात खोल, मुठीत घट्ट धरत होती, दोन्ही अंगठ्यांच्या बुडाला फोड. बॅट बोटांत धरायला लावली, दार वाजवताना बोटांच्या ज्या गाठी आपटतात त्या दोन्ही हातांच्या साधारण एका ओळीत. पहिले दोन दिवस तिची तक्रार की बॅट निसटतीय. निसटली नाही. मनगट मोकळं झालं आणि व्हिडिओत बॅटचं टोक लवकर येताना दिसायला लागलं. या सगळ्या प्रकरणात फुकट आणि लगेच जमलेली एवढी एकच गोष्ट.

मैदानाची बोंब आहे. आपल्याकडं मोकळी जागा दिसली की तिथं फुटबॉल चालू, सकाळी पेठेतली पोरं, संध्याकाळी पण पेठेतली पोरं. सॉफ्टबॉल म्हटलं की विचारतात, म्हणजे बेसबॉलच न्हवं? आम्ही सकाळी साडेसहाला कोपरा धरतो.

२५ मे

टी बनवला. टी म्हणजे ज्यावर बॉल ठेवून मारायचा तो खांब. विकत मिळतो, पण उद्यमनगरात राहून टी विकत घेणं बरं दिसत नाही.

पहिला टी: खाली लाकडी फळी, वर पीव्हीसी पाइप. बॅट लागली की आख्खा टी आडवा, प्रत्येक फटक्यानंतर उचलून ठेवायचा, त्यात निम्मा वेळ जातोय. वरचं प्लास्टिक तर दुसऱ्याच दिवशी तडकलं, कारण ती बॉलच्या खाली मारत होती.

दुसरा टी: भंगारातनं १० एमएमची लोखंडी प्लेट, ४०० बाय ४००, वजन साडेबारा किलो, ५० रुपये किलोनं घेतली. तिच्यावर पाइपाचा बारका तुकडा वेल्ड केला आणि त्यावर ५० एमएमचा पीव्हीसी पाइप घट्ट बसवला. त्याच्या आत ४० एमएमचा पाइप वरखाली सरकतो. जरा सैल बसतो म्हणून आतल्या पाइपाला इन्सुलेशन टेप गुंडाळली, बाहेरच्या पाइपाला वरच्या बाजूनं हॅकसॉनं दोन काप दिले आणि जुबली क्लिप (पाइप आवळायची स्क्रूची पट्टी) आवळली की पाहिजे त्या उंचीला थांबतो. सगळ्यात वर ट्रकच्या रेडिएटरचा रबरी होज, वीतभर. होज घेताना सरळ तुकडा मागा, बरेचसे वळणाचे असतात आणि वाकड्या टोकावर बॉल थांबत नाही. रबरावर कितीही बॅट बसू दे, वाकतं आणि परत उभं राहतं. प्लेट धरून एकूण ११५० रुपये.

एकच विसरलो होतो, प्लेटच्या कडा. ग्राइंडर मारून गोल करून घ्या, ताईच्या फरशीवर चरा पडलाय आणि तो मला रोज दाखवला जातो.

१ जून

टी कुठं ठेवायचा हे टी बनवण्यापेक्षा महत्त्वाचं निघालं. आम्ही होम प्लेटच्या, म्हणजे बॅटरसमोर जमिनीत असते त्या सपाट पाटीच्या, बरोबर मधोमध ठेवून सराव करत होतो कारण स्ट्राइक, म्हणजे मारण्याजोगा बॉल, तिथनंच जातो असं वाटतं. पण मधल्या बॉलला बॅट भिडायची जागा पुढच्या पायाच्या रेषेत, म्हणजे प्लेटच्या थोडी पुढं असते. आतला बॉल असेल तर अजून पुढं, बाहेरचा असेल तर मागं. मधोमध ठेवल्यामुळं आठवडाभर ती उशिराच मारायला पक्की होत होती, म्हणजे जो रोग होता त्याचाच सराव. टी पुढं सरकवला आणि बॉल पहिल्यांदा डावीकडं, लेफ्ट फिल्डकडं गेला. पोरगी खूश, मी पण खूश, दोघंही जरा लवकरच खूश झालो.

८ जून

कोपर. इथं सगळ्यात जास्त वेळ गेला.

मैदानावर उभा असलेला प्रत्येक माणूस सल्ला देतो आणि प्रत्येकाचा सल्ला एकच: ‘मागचं कोपर वर घे.’ घेतलं. कोपर जेवढं वर तेवढं स्विंग सुरू झाल्यावर जोरात खाली पडतं आणि पोटाशी घुसतं, ड्रॅग वाढला. मग दुसऱ्या एकानं सांगितलं वरनं खाली मार, लाकूड फोडल्यागत. तेही केलं, सगळे बॉल जमिनीत. टाकलेला बॉल थोडा खाली उतरत येतो, त्यामुळं बॅटनं त्याच रेषेत आडवं आणि किंचित वर जायला पाहिजे, तर भेट व्हायला वाव राहतो. वरनं खाली कापलं की बॉल आणि बॅट एकाच टिंबाला भेटतात, ते टिंब चुकलं की संपलं.

मग आबांनी बघितलं. आबा तरुणपणी तालमीत होते, आता ऐंशीच्या घरात, खुर्ची टाकून बसतात. दोनचार स्विंग बघून म्हणाले, ‘हिचं हात आधी निघत्यात. ढाक मारताना हातानं आधी वडलं तर समोरचा हलत न्हाई, कंबर आत घुसली की हात आपोआप येत्यात.’ ढाक म्हणजे कुस्तीतला डाव. मी व्हिडिओ परत लावला आणि फ्रेम फ्रेम बघितला. खरंच, पुढचा पाय टेकायच्या आत हात निघालेले आणि कंबर मागनं कशीबशी फिरतीय. कंबर पुढं नाही म्हणून जोर कोपरातनं काढायला लागतोय.

२२ जून

आबांच्या मुद्द्यावर काम. दोन ड्रिल कामाला आले, बाकीचे लिहीत नाही.

एक, पाय टेकून थांबायचं. डावा पाय अर्धी वीत पुढं, आधी चवडा टेकला, थांब. हात अजून मागच्या खांद्यापाशी आहेत का बघ. मग टाच दाबली की कंबर फिरवायची, मागची टाच उचलली जाते, पोट पिचरकडं येतं आणि मग बॅट. थांबून केलं की सगळं जमतं, सलग केलं की निम्मं जमतं.

दोन, फट ठेवून धरायचं. बॅटवर दोन्ही हात चिकटून न ठेवता मधे चार बोटांची फट. अशा पकडीत कोपर हातांच्या पुढं गेलं तर बॅट फिरतच नाही, अडकते, त्यामुळं मला ओरडायला लागत नाही, बॅटच सांगते. हे टीवरच आणि हळू करायचं, जोरात केलं की मनगटाला त्रास. बॉल लागताना वरच्या हाताचा तळवा आभाळाकडं, खालच्या हाताचा जमिनीकडं, एवढी एकच खूण तिला लक्षात ठेवायला दिली. एका दिवशी एकच गोष्ट सांगायची. मी सुरुवातीला एका स्विंगला चार सूचना देत होतो आणि ती चारही विसरून उभी राहत होती.

२९ जून

पाऊस. आठवडाभर नुसता कोसळतोय, मैदानात तळं. अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये शिफ्ट झालो. लक्ष्मीपुरीतनं नायलॉनची जाळी आणली, ९०० रुपये, दोन खांबांना दोरीनं बांधली. खरा बॉल पार्किंगमध्ये वापरता येत नाही, १२ इंची सॉफ्टबॉलचं वजन पावणेदोनशे ग्रॅमच्या वरच भरतं, नाव सॉफ्ट असलं तरी गाडीची काच ठेवत नाही. जुने मोजे गुंडाळून बॉल केले. आणि बॅडमिंटन हॉलमधली टाकून दिलेली नायलॉनची शटलं पिशवी भरून फुकट मिळाली, ती समोरनं टाकून मारायची. शटल बारकं असतं, डोळा शेवटपर्यंत त्यावर ठेवायलाच लागतो, मान उडायचं प्रमाण यामुळं कमी झालं, सांगून कधीच झालं नव्हतं.

पार्किंगमधला स्लो मोशन व्हिडिओ निकामी. सेकंदाला २४० फ्रेमला ट्यूबलाइट लपलप करते आणि अंधारात बॅट म्हणजे नुसता धूर. व्हिडिओ दिवसा उघड्यावरच घ्या. सेक्रेटरी एकदा बघून गेले, काही बोलले नाहीत, आपली गाडी तेवढी पलीकडं लावली.

१३ जुलै

उघडीप मिळाली, मैदानावर खऱ्या बॉलनं समोरनं टॉस. मी खुर्चीत, पुढं जाळी, पंधरा-सोळा फुटांवरनं अंडरआर्म. आणि सगळं जिथल्या तिथं. पाय थर्ड बेसकडं, कोपर पोटात, बॉल उजवीकडं. दोन महिने टीवर केलेलं कुठं गेलं कळेना. मी वैतागलो, ती त्याहून.

पाय अडवायला तिच्या मागं आडवी फळी ठेवली, म्हणजे पाय उघडला की फळीला लागेल. ती फळीवरच चढली, घोटा मुरगळता मुरगळता वाचला. हे कुणी करू नका.

१६ जुलै

व्हिडिओ शेजारी शेजारी लावून बघितले. पार्किंगमध्ये मोज्यांचा बॉल, मी त्याच अंतरावरनं तेवढ्याच वेगानं टाकतोय, पाय सरळ पिचरकडं. मैदानावर खरा बॉल, तेच अंतर, तोच वेग, पाय बाहेर. बदलला फक्त बॉल.

तिला दाखवलं. ‘मी काय घाबरतो व्हय?’ म्हणाली. मग थोड्या वेळानं, ताई आत गेल्यावर, सांगितलं की मागच्या वर्षी मॅचमध्ये मांडीवर बॉल बसला होता, काळंनिळं झालेलं, घरी सांगितलं नव्हतं कारण आईनं खेळणं बंद केलं असतं.

म्हणजे पाय पळतोय म्हणून कंबर उघडते, कंबर आधीच उघडली म्हणून जोराला काही उरत नाही, मग कोपर पुढं. दोन महिने मी शेपटाकडनं ओढत होतो.

२० जुलै

आता स्विंग बंद, आधी बॉल चुकवायला शिकायचं. आतला बॉल अंगावर आला की मागं उडी मारायची नाही आणि छाती उघडायची नाही. उलट आत, कॅचरकडं म्हणजे मागं बॉल धरणारीकडं वळायचं, हनुवटी खांद्यात, बॅट खाली, पाठ बॉलला द्यायची. लागला तर पाठीच्या किंवा मांडीच्या मांसल भागावर लागतो. टेनिस बॉलनं सुरू केलं, मुद्दाम तिच्या अंगावर टाकत होतो, तिला आधी हसूच येत होतं. मग स्पंजचा बॉल, मग खरा बॉल पण हळू.

फेस गार्डचं बॅटिंग हेल्मेट घेतलं, २६०० रुपये. क्रिकेटचं हेल्मेट घरात होतं, ते घालून बघितलं, पण सॉफ्टबॉलच्या हेल्मेटला दोन्ही कानांवर कवच असतं आणि मॅचला तेच लागतं. मांडी आधी सांगितली असती तर हे मी मे महिन्यातच घेतलं असतं आणि बॅट नंतर.

ताईला कळलंच शेवटी. अर्धा दिवस अबोला, मग हेल्मेट घालून बघितलं आणि स्वतःच डोक्यावर चमच्यानं टकटक करून बघत होती.

२७ जुलै

पाय सरळ पडायला लागलाय, दहातले सहा-सात तरी. कोपराचं वेगळं काही केलं नाही, तरी ड्रॅग बराच कमी दिसतोय.

आता टायमिंग. एक मोठी मुलगी मिळाली, कॉलेजला आहे, पिचर, रविवारी टाकते आणि फी म्हणून खासबागेजवळच्या खाऊ गल्लीत भेळ खाते. तिनं ४० फुटांवरनं टाकलं, मोठ्या मुलींच्या मॅचला हे अंतर ४३ फूट असतं. ताशी ७० किमी वेगाचा बॉल सेकंदाला साधारण साडेएकोणीस मीटर येतो, सोडल्यावर भाचीपर्यंत पोचायला अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त वेळ. भाची काय करत होती, तर बॉल सुटलेला बघून मग पाय उचलायचा. तोवर बॉल निम्म्यात.

पिचरनंच उपाय सांगितला: माझा बॉल बघू नको, माझा हात बघ. हात वर जाऊन फिरायला लागला की तू मागं वजन घे, हात मांडीपाशी येऊन बॉल सुटला की तुझा चवडा टेकलेला पाहिजे. पाय दर बॉलला टाकायचाच, बॉल मारायचा असो नसो, मारायचं की सोडायचं ते पाय टेकल्यावर ठरवायचं. आधी नुसतं उभं राहून, बॅट न फिरवता, पिचरबरोबर पाय टाकणं. कंटाळवाणं, पण याच्याइतका फरक कशानं पडला नाही. मैदानावर दिवसा घेतलेल्या व्हिडिओत चवडा टेकल्यापासून बॉल लागेपर्यंत ४६ फ्रेम, म्हणजे ०.१९ सेकंद. उरलेला सगळा वेळ बॉल बघायला.

३ ऑगस्ट

तिनं टोकियो ऑलिम्पिकची फायनल बघितली, २०२१ ची, जपाननं अमेरिकेला २-० हरवलं ती. आता तिला डाव्या बाजूनं पळत पळत मारायचंय, स्लॅप म्हणतात त्याला. पळणं चांगलं आहे त्यामुळं कल्पना वाईट नाही, पण आत्ता नको म्हटलं. रुसली. पुढच्या उन्हाळ्यात बघू. २०२८ च्या लॉस एंजेलिसला सॉफ्टबॉल परत आहे हे पण मला तिच्याकडनंच कळलं.

२३ ऑगस्ट

मनपास्तर शालेय स्पर्धा. पहिल्या वेळी उंच बॉलच्या मागं लागली, स्ट्राइक आउट. दुसऱ्या वेळी मधला बॉल, लेफ्ट सेंटरच्या मधनं जमिनीलगत सणसणीत, दुसऱ्या बेसवर पोचली. तिसऱ्या वेळी आतला बॉल आला, शिकवल्यासारखी आत वळली, पाठीला घासून गेला, फर्स्ट बेस फुकट मिळाला. पुढच्या मॅचला पहिल्या दोन बॉलला पाय परत बाहेर. तिनं स्वतःच टाइम मागितला, बूट बांधल्यासारखं केलं आणि परत उभी राहिली, मग ग्राउंड बॉलवर आउट झाली पण पाय सरळ होता. टीम सेमीफायनलला हरली.

३० ऑगस्ट

खर्च: बॅट ३२००, टी ११५०, जाळी ९००, हेल्मेट २६००, स्पंजचे बॉल वगैरे ३००. एकूण ८१५०. भेळ वेगळी.

राहिलेलं काम. उंच बॉल सोडायला शिकणं, त्यासाठी टी छातीच्या उंचीला लावून बघितला, तिला तो बॉल मारायचा मोहच वाढला, म्हणून बंद केलं. आता पिचर टाकताना फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ ओरडायचं, बॅट खांद्यावर, असं करतोय. बाहेरचा खालचा बॉल अजून ओढून मारते, टी मागं आणि बाहेर सरकवून उजवीकडं मारायचा सराव चालू. आणि नवीन दुखणं: पाय लवकर पडतोय म्हणून स्लो बॉल आला की आता ती आधीच फिरून बसते, फाउल डावीकडं जातात. पिचरला सांगितलंय की रविवारी न सांगता मधेच एखादा चेंज अप, म्हणजे फसवायला टाकलेला स्लो बॉल, टाकत जा.